रात्रपाळी, खाशुरी जंक्शन

शाळेत तिबिलिसीहून एक बाई आल्या होत्या.
गुळगुळीत कागद वाटले त्यांनी,
वर ठळक अक्षरांत एकच प्रश्न :
तुझं मन कशात रमतं?
खाली तीन रिकाम्या ओळी.

पहिल्या ओळीवर मी लिहिलं, चित्रं.
दुसऱ्या ओळीवरही चित्रं.
तिसरीसाठी काही उरलं नाही,
तिथे एक बकरी काढली.

आई सुरामीच्या रस्त्यावर नाझुकी विकते,
मनुका घातलेला, दालचिनीच्या वासाचा गोड पाव.
भट्टीच्या भिंतीला पीठ थापता थापता म्हणाली,
"नादाला लागलं माणूस, की पोट मागे राहतं."
तिच्या हातांवरचे केस केव्हाच जळून गेलेत.
तिला कुणी कागद दिला नव्हता.

बाबांनी मात्र तो दोनदा वाचला.
चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.
"मला अठराव्या वर्षी हातोडा दिला," म्हणाले,
"प्रश्न नाही दिला."

एकोणतीस वर्षं
उभ्या गाड्यांच्या कडेने चालत जायचं,
एकेका चाकावर हातोडा मारायचा.
टण्. पुढे.
टण्. पुढे.
धड चाक गातं,
तडकलेलं खोकतं.
एवढंच काम.
एवढ्यावर घर, सरपण, माझे रंग.

"आवडायचं तुम्हाला?"
"सात वर्षं शिव्या घातल्या.
आठव्या वर्षी, बर्फ पडत होता,
मालगाडीच्या बत्तिसाव्या डब्याखाली
एक चाक असं काही वाजलं
की मी पुन्हा मारून पाहिलं. मग परत एकदा.
बिघाड नव्हता त्यात काही.
उगाच.
ऐकायला."

त्या रात्री मला यार्डात घेऊन गेले.
"हे ऐक. आता हे. आता हे."
मला सगळं सारखंच, लोखंडावर लोखंड.
मी बघत होते
वंगणावर दिव्याचा निळा तवंग कसा पसरतो,
दांडा नेमका कुठे झिजलाय त्यांच्या अंगठ्याने.

"हे कसं वाटलं?"
"ठीक."
"नक्की?"
"बाबा, तुम्हीच सांगा ना."

ते बोलले नाहीत.
वाकून डावा कान चाकाजवळ नेला,
आणखी एकदा मारला हातोडा,
मग उजवा कान नेला,
आणि माझ्याकडे पाहिलं.
तेव्हा कुठे कळलं मला
की हा धडा नव्हता.
ते खरंच विचारत होते.

गाडी त्यांनी रोखून धरली.
चाक उतरवलं, तपासलं. ठणठणीत निघालं.
साहेब सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला.
सोमवारी बाबांनी स्वतःच जाऊन सांगितलं,
कान गेले माझे, हातोडा काढून घ्या.

भांडारात बसवलं त्यांना, नटबोल्ट मोजायला.
पगार जेवढा घटला
तेवढीच होती अकादमीची फी.
आईने हिशेब दोनदा केला
आणि कागद उलटा ठेवला.
तरी मी गेले.

आता दिदुबेत चौथ्या मजल्यावर बसून
औषधांच्या खोक्यांसाठी चित्रं काढते.
यंदा खोकल्याच्या सिरपवर बासष्ट लिंबं झाली.
कुठलंसं लिंबू मध्येच असं उतरतं
की मालकाला पाठवायचं सोडून
बघत बसते.
बाकीची एकसष्ट भाडं भरतात.

खालच्या मजल्यावरची थिओना
या वर्षी शाळा संपवतेय.
परवा जिन्यात उभी राहून विचारत होती,
आवडीचंच करावं का?
दोन्ही हातांत पिशव्या होत्या माझ्या.
"दार धर जरा," म्हटलं.

रविवारी बाबांचा फोन येतो.
हवा विचारतात, कोळशाचा भाव सांगतात,
मग दर वेळी, ठेवता ठेवता,
"एलिसो, मन रमतं ना तिथे?"

मी सांगते.

"काय?"

मी खिडकी लावून घेते,
आणि मोठ्याने सांगते.